राष्ट्राध्यक्ष ज्याच्याकडे बघून बोलायचे

जर्मनीतल्या येना शहरात आमच्या संस्थेत संध्याकाळी पाचला बहुतेक लोक घरी निघालेले असतात. त्या दोन वर्षांत मी मात्र पाचच्या ठोक्याला तिथल्या छोट्या स्वयंपाकघरात असायचे. कॉफीचं मशीन, एक सिंक, चार खुर्च्या आणि डोंगराकडची खिडकी. माझी सहकारी आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि तिच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष बोलायला लागायचे. रोज सात-आठ मिनिटं. सुट्टी नाही, रविवार नाही.

तिच्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहू नकोस, असं तिनेच सांगितलंय. युद्ध चालू आहे एवढं कळलं की लोकांना पुरेसं होतं, म्हणाली.

आम्ही दोघी एकाच खोलीत काम करायचो. काचेच्या भिंगांवर लेप चढवायचं काम. हवा काढून टाकलेल्या यंत्रात भिंग ठेवायचं आणि त्यावर डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ थर बसू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. एखादा थर अर्ध्यावर थांबवला तर भिंग फुकट जातं. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. युद्ध सुरू झाल्यावर सासूला घेऊन इकडे आली होती. नवरा तिकडेच राहिला. पुरुषांना देश सोडायची परवानगी नव्हती, आणि त्याला सोडायचाही नव्हता.

सुरुवातीला मी निव्वळ शिष्टाचार म्हणून तिच्याजवळ बसायचे. मला तिची भाषा येत नाही. आम्ही आपसात जर्मन बोलायचो, अडलं की इंग्रजी. एक दिवस मी विचारलं, "आज काय म्हणाले?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी ऐकत नाही."

"मग?"

"बघते. कॅमेरा माझा नवरा चालवतो."

मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि पुढे कित्येक आठवडे थोडं थोडं सांगत राहिली. राष्ट्राध्यक्ष मूळचे शाळामास्तर. एका लहानशा गावात भूगोल शिकवायचे. लहानपणापासून तोतरे. काही अक्षरांपाशी जीभ अडायची आणि मुलं हसायची. गावाला पूल हवा होता, तो कुणी बांधत नव्हतं, म्हणून चिडून नगराध्यक्षपदाला उभे राहिले. स्थानिक वाहिनीने मुलाखतीला बोलावलं आणि कॅमेरा सुरू होताच त्यांची वाचाच बसली. मुलाखत घेणारी बाई वैतागून बाहेर गेली. कॅमेऱ्यामागे तिचा नवरा होता, तेव्हा पंचवीसचा. त्याने कॅमेरा चालूच ठेवला, स्वतः भिंगाला चिकटून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तिकडे नका बघू. माझ्या कानाकडे बघा. मला सांगा, पूल का झाला नाही?" मास्तर अकरा मिनिटं न अडखळता बोलले.

त्यानंतर त्यांनी त्याला सोडलं नाही. नगराध्यक्ष झाले, संसदेत गेले, राष्ट्राध्यक्ष झाले, प्रत्येक भाषणाला भिंगाजवळ हाच उभा. "लोक म्हणतात, हा आमच्या डोळ्यांत बघून बोलतो," ती म्हणाली. "तो माझ्या नवऱ्याच्या कानाकडे बघून बोलतो."

म्हणून ती रोज बघायची. चौकट सरळ असली, हनुवटीखाली तेवढीच जागा सुटलेली असली, की तिला कळायचं, तो आज आहे. ते पाहून झालं की फोन बंद. भाषण संपायच्याही आधी.

नवरा फोनवर जे सांगायचा ते ती मला सांगायची. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात सगळे राष्ट्राध्यक्षांना राजधानी सोडा म्हणत होते. ते गेले नाहीत. एका शाळेच्या तळघरात जाऊन बसले, कारण तिथे भिंतीवर मोठा नकाशा होता. रोजच्या भाषणात त्या दिवशी रिकाम्या झालेल्या गावांची नावं वाचायचे. नुसती नावं नाहीत. कुठल्या नदीवर आहे, तिथे काय पिकतं, शाळा कुठल्या बाजूला आहे, मास्तर शिकवतात तसं. एकदा फोन बंद करता करता त्यातलं एक नाव तिच्या कानावर पडलं आणि ती म्हणाली, "इथे अक्रोड होतात. आमची सहल गेली होती." मी मान डोलावली आणि कप विसळला. सैनिकांसाठी येतं तेच सूप ते तळघरात सगळ्यांबरोबर बसून प्यायचे. तापटही होते. एक मंत्री आपल्या भाच्याला सैन्यातून सूट मिळावी म्हणून कागद घेऊन आला, तर हातातला कप त्यांनी भिंतीवर फेकला. कागद परत दिला, आणि मग स्वतःच खाली बसून काचा गोळा केल्या.

मला हे सगळं ऐकताना काय वाटायचं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं की, फारसं काही नाही. त्या वर्षी मी माझ्या बाबांचे अंत्यसंस्कार फोनवर पाहिले होते, आखनला एका परिषदेला गेले असताना, हॉटेलच्या पलंगावर बसून. चुलतभावाने फोन धरला होता आणि त्याचा हात सारखा हलत होता. दुपारी मी ठरल्याप्रमाणे माझं सादरीकरण केलं. तेव्हापासून आत काहीतरी बधिर होतं ते होतंच. कदाचित म्हणूनच ती माझ्याजवळ बसत असावी. मी हळहळत नव्हते.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. त्यांची आणि तिच्या सासूबाईंची गट्टी जमली. एकीला मराठी सोडून काही येत नव्हतं, दुसरीला जर्मन वर्गात शिकलेली वीस-पंचवीस वाक्यं. शनिवारी दोघी नदीकाठच्या बाकावर बसायच्या. घरी आल्यावर आई मला सांगायच्या, "तिचा गुडघा उजवा. माझा डावा." एवढं त्यांना कसं कळलं, मी कधी विचारलं नाही.

आई परत जायच्या आठवड्यातली गोष्ट. पाच वाजता राष्ट्राध्यक्ष बोलायला लागले आणि नेहमीप्रमाणे चौकट पाहून फोन बंद करायला तिने हात पुढे केला, तो तसाच राहिला. ती ऐकत होती. भाषण संपलं. तिने ते मागे नेलं, पुन्हा ऐकलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सूट रद्द केली. सरकारी नोकरांना सैन्यातून सूट होती ना, ती. सगळ्यांची." ती शांतपणे सांगत होती, मशीन कसं चालवायचं ते सांगावं तशी. "म्हणाला, सुरुवात माझ्या स्वतःच्या कार्यालयापासून. उद्यापासून."

तिने तिसऱ्यांदा ते वाक्य लावलं आणि फोन माझ्याकडे वळवला.

"बघ," ती म्हणाली. "कॅमेरा हलला नाही."

घरी येऊन मी आईंना सांगितलं. त्या बॅग भरत होत्या. आमच्याकडच्या कितीतरी घरांतून पोरं फौजेत जातात. त्यांचा धाकटा भाऊही गेला होता आणि परत आला नव्हता. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. हातातली साडी घडी करून ठेवली आणि म्हणाल्या, "त्याचं चुकलं नाही. दुसऱ्याच्या पोराला पाठवायचं तर आधी आपल्या घरचं पाठवावं."

"हो, पण..."

"चुकलं नाही म्हणाले मी. पण हे तिला सांगू नकोस हं. कधीच."

मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चौकट बदलली. मलाही कळलं. डोक्यावर नको तेवढी जागा सुटलेली, आणि राष्ट्राध्यक्ष कुठे बघत होते ते ठरत नव्हतं. कधी खाली कागदात, कधी भिंगाच्या पलीकडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका गावाच्या नावापाशी त्यांची जीभ अडली. तिकडच्या लोकांना ते थकले असं वाटलं असेल. ती रोज पाचला येऊन बसायचीच.

"आता कशाला बघतेस?" मी एकदा विचारलं.

"सवय," ती म्हणाली.

नवऱ्याला सामान वाहून नेणारी गाडी चालवायला दिली होती. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. त्याचे फोन दोन-तीन दिवसांनी यायचे, एक-दोन मिनिटांचे. काय बोलतो विचारलं तर म्हणायची, "मोजे." थंडी सुरू झाली होती.

जानेवारीतला मंगळवार होता. आमची खोली धूळ चालत नाही अशी. आत जायचं तर पांढरा पोशाख, टोपी, हातमोजे, आणि फोन बाहेर कपाटात. ती आत होती. मी बाहेर टेबलापाशी अहवाल लिहीत होते. खालून स्वागतकक्षातल्या बाईंचा फोन आला, कुणीतरी आजी आल्यात, कुणाला भेटायचंय ते कळत नाही, तुम्ही येता का.

तिच्या सासूबाई होत्या. ट्रामने आल्या होत्या, पायात घरातल्या सपाता. बाहेर बर्फ होतं आणि सपाता ओल्या झाल्या होत्या. त्यांनी हातातला फोन माझ्यापुढे धरला, जणू मला तो वाचता येणार होता. मग त्यांच्या जर्मन वर्गातलं वाक्य उच्चारलं, एकेक शब्द नीट सुटा करून, "माझा मुलगा आता नाही."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. स्वागतकक्षातल्या बाईंना पाणी द्यायला सांगितलं. लिफ्ट सोडून जिन्याने वर गेले, का ते ठाऊक नाही. खोलीच्या भिंतीत एक काच आहे. मी ती बोटाने वाजवली.

तिने वर पाहिलं. यंत्रात थर बसत होता. तिने हातमोज्यातली पाच बोटं उघडून दाखवली, पाच मिनिटं. नेहमी दाखवायची तशी.

मी पुन्हा वाजवू शकले असते. पोशाख न घालता सरळ आत जाऊ शकले असते. गेले नाही. काचेबाहेर उभी राहिले. तिने एकदा आकडे पाहिले, वहीत काहीतरी लिहिलं, पुन्हा आकडे पाहिले. मला तेव्हा एवढंच वाटत होतं की, जगात फक्त दोन-तीन माणसांना ठाऊक असलेली गोष्ट माझ्याकडे आहे आणि त्या दोन-तीनात ती नाही. थर पूर्ण झाला. तिने यंत्र बंद केलं, टोपी काढत बाहेर आली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "सासूबाई आल्यात का खाली?"

"हो," मी म्हणाले.

ती बसने दोन दिवस प्रवास करून गेली, त्याला पुरलं, आणि पुढच्या आठवड्यात बुधवारी कामावर आली. विभागप्रमुखांनी सुट्टी घे म्हणून सांगितलं. तिने आभार मानले आणि पोशाख चढवला. ते भिंग चांगलं निघालं होतं. पाच वाजता मात्र ती स्वयंपाकघरात आली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी काही दिवस एकटीच जाऊन बसले, मग मीही सोडलं.

वसंतात तिला पत्र आलं. राष्ट्राध्यक्ष बर्लिनला येणार होते. युद्धात गेलेल्यांच्या जर्मनीत राहणाऱ्या काही कुटुंबांना ते दूतावासात भेटणार होते. बरोबर एका माणसाला नेता येणार होतं. सासूबाई जायला तयार नव्हत्या.

"तू येतेस?" तिने मला विचारलं. "तुला भाषा येत नाही ते बरंच आहे."

आम्ही रविवारी सकाळच्या गाडीने निघालो. गाडीत ती म्हणाली, "सासूबाईंनी एक प्रश्न दिलाय. मुलाने स्वतःहून सैन्यात नाव दिलं, की यादीत कुणी घातलं, एवढं विचारून ये म्हणाल्या."

"तुला काय वाटतं?"

"तो मला कधी सांगत नव्हता. मी विचारलं की मोज्यांचं बोलायचा."

दूतावासातल्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि टेबलावर कोरडा केक. दहा-बारा कुटुंबं असतील. राष्ट्राध्यक्ष आले तेव्हा पटकन ओळखू आले नाहीत. फोनवर मोठे दिसायचे. प्रत्यक्षात माझ्याएवढ्या उंचीचे, खांदे पुढे आलेले, कोटाच्या बाहीला इस्त्री नाही. एक रिकामी खुर्ची स्वतःच उचलून ते एकेका कुटुंबासमोर ठेवत होते आणि बसत होते. मदतनीस खुर्ची घ्यायला धावला तर त्यांनी दिली नाही.

आमच्यासमोर बसल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने प्रश्न विचारला, तेव्हा मागे उभा असलेला अधिकारी पुढे आला. राष्ट्राध्यक्षांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग बराच वेळ ते बोललेच नाहीत. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. ती थांबून राहिली. कुणाला घाई नसावी तशी दोघं समोरासमोर बसली होती, आणि मी केककडे बघत होते. मग ते बोलले. तिने आणखी दोनदा काहीतरी विचारलं, त्यांनी दोनदा उत्तर दिलं. जाताना त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं, माझ्याशीही केलं. हात गार होता.

काय बोलणं झालं ते तिने मला परतीच्या गाडीत सांगितलं. आजूबाजूला सहलीहून परतणारे लोक होते, सायकली होत्या.

"म्हणाला, यादी मी केली. पहिलं नाव मीच लिहिलं."

"त्यांनी?"

"मी विचारलं, का? तर म्हणाला, तो राहिला असता तर बाकी कुणाचंच नाव लिहायला माझा हात उठला नसता." ती खिडकीबाहेर बघत होती. "आणि म्हणाला, मी त्याला आधी सांगितलं नव्हतं. हिंमत झाली नाही. कॅमेऱ्यासमोर मी बोललो, तेव्हाच त्याने ऐकलं."

पायाशी सरकत आलेली एक सायकल मी बाजूला केली.

"मी विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर? म्हणाला, लिहीन." थोड्या वेळाने म्हणाली, "माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. मला वाटलं होतं, समोर बघितलं की राग येईल. आला नाही. मला भूक लागली होती, आणि तो केक घ्यावा की नाही ते कळत नव्हतं."

तिने पिशवीतून दोन सँडविच काढली. आम्ही खाल्ली. आईंचं 'त्याचं चुकलं नाही' हे वाक्य मला आठवलं आणि मी पाणी प्यायले.

येनाचं स्टेशन आलं. तिथून ट्रामने आम्ही तिच्या घरी गेलो, लोबेडामधल्या उंच इमारतींपैकी एका इमारतीत, आठव्या मजल्यावर. वर जाताना लिफ्टमध्ये ती म्हणाली, "मी सांगणार आहे, स्वतःहून गेला."

"त्यांना पटेल?"

"माहीत नाही."

सासूबाईंनी टेबल मांडून ठेवलं होतं. माझंही ताट होतं. आम्ही कोट काढेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग सुनेकडे पाहिलं. तिने सांगितलं. एकच वाक्य होतं. म्हातारीने ते ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं, आणि काहीतरी म्हणाली. सुनेने माझ्यासाठी जर्मनमध्ये सांगितलं, "म्हणतात, तो कधीच कुठे स्वतःहून गेला नाही. शाळेतसुद्धा मी ओढून न्यायचे."

मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. हातात सुपाचा डाव होता. वर्गात शिकल्या तशा, सुट्या शब्दांत त्यांनी मला विचारलं, "श्टिम्ट दास?" खरं आहे का हे?

सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पाव कापत होती.

"या," मी म्हणाले, म्हणजे हो. "श्टिम्ट."

त्यांनी माझा चेहरा बराच वेळ पाहिला. मग माझ्या ताटलीत सूप वाढलं, पहिल्यांदा माझ्या, आणि वर शेपूची काडी ठेवली. सूप बिटाचं होतं. आम्ही जेवलो. खिडकीतून पलीकडचा हायवे दिसत होता आणि बराच वेळ उजेड होता. बोलणं झालं ते भाड्याच्या घराच्या नव्या नियमांबद्दल आणि खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दल. निघताना सासूबाईंनी माझ्या आईंची चौकशी केली. गुडघ्याला हात लावून, भुवया उंचावून. "डावा," मी म्हणाले, आणि ठीक आहे असं हाताने दाखवलं.

घरी आल्यावर मी आईंना फोन केला. तिकडे उशीर झाला होता, पण त्या जाग्या होत्या. बर्लिनचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"तू खोटं बोललीस?" शेवटी म्हणाल्या.

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग, "सांगायला त्याला हिंमत झाली नाही म्हणतेस, पण तिच्यासमोर येऊन बसला तो. तेवढं तरी."

त्या शरदात तिला दुसऱ्या शहरात, फार लांब पश्चिमेला, कायमची नोकरी मिळाली. सासूबाईंना घेऊन ती गेली. त्या आता तिथल्या चर्चच्या स्वयंपाकघरात बुधवारी मदत करतात, असं ती लिहिते. युद्ध अजून संपलेलं नाही. तहाची बोलणी होतात आणि मोडतात. राष्ट्राध्यक्ष आणखी एकदा निवडून आले, या वेळी थोडक्या मतांनी. बऱ्याच लोकांना ते आता नकोत, सूट रद्द केल्याचा राग पुष्कळ घरांत आहे. तिने कुणाला मत दिलं, मी विचारलं नाही. तिच्या जागी आमच्याकडे इंदूरची एक मुलगी आलीय. हुशार आहे. परवा मी काही विचारायला काच वाजवली तर यंत्र तसंच अर्ध्यावर सोडून धावत बाहेर आली, आणि भिंग फुकट गेलं. मी तिला रागावले नाही. बसवून घेतलं आणि म्हटलं, अगं, थर चालू असताना कुणीही बोलावलं तरी यायचं नाही. मी असले तरी नाही.